वॉरंटी किती वर्षांची?

३ फेब्रुवारी
दोन्ही लॅपटॉपचं कोष्टक केलं. स्क्रीन सारखाच. बॅटरी – पहिल्याची पाच तास, दुसऱ्याची नऊ. पहिल्याची बटणं टणक, दुसऱ्याची नुसतं बोट टेकलं की दबतात. किंमत – दुसरा जवळजवळ दुप्पट. वॉरंटी – पहिल्याला एक वर्ष, दुसऱ्याला तीन.

तिथेच पेन थांबलं. परवा दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टर हळूच म्हणाले होते, "फार तर वर्ष धरा." ह्यांना सांगितलेलं नाही. वर्षभराच्या माणसाला तीन वर्षांची वॉरंटी कशाला – असं माझ्या डोक्यात आलं. माझ्याच! शी!

४ फेब्रुवारी
आजाराने ह्यांची वाचा गेली, आता अक्षरही चाललं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं नीट ऐकतं. आज पाटीवर 'पाणी' लिहिलं, मी पंखा लावला. आधी हसले, मग रडले. टाइप केलेलं लॅपटॉप मोठ्याने बोलून दाखवतो म्हणे. लवकर घ्यायला हवा.

६ फेब्रुवारी
ह्यांना घेऊन दुकानात. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस – किंमत बघितलीच नाही! पहिल्याचं झाकण दोनदा उघडलं-मिटलं आणि तोंड वाकडं केलं. बिजागरी हलकी! दुसऱ्याकडे बोट.

दुकानदार म्हणाला, "ताई, वर्षभरच वापरायचा असेल तर पहिला पुरे. तीन वर्षं बिनघोर राहायचं तर हाच घ्या!"

मी म्हटलं, "विचार करून सांगते." हे माझ्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ फेब्रुवारी
स्वस्तातला घेतला तर ह्यांना संशय येईल. महागडा घेतला तर औषधांची ओढाताण. दीर म्हणतात, "वहिनी, कामापुरता घ्या ना." काम किती दिवसांचं, ते मलाच ठाऊक. इकडे आड, तिकडे विहीर. नवऱ्याचं आयुष्य वॉरंटीशी ताडून बघायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

११ फेब्रुवारी
महागडाच आणला. खोटं बोलायचंच, तर निदान नीट बोलावं.

१२ फेब्रुवारी
सकाळी पाऊण तास एका बोटाने टाइप करत होते. मला बघू देईनात. मग लॅपटॉप बातम्या दिल्यासारखा खणखणीत बोलला – "डॉक्टरांनी मला आधीच सांगितलंय. पुढची दोन वर्षं तू वापर."