चित्राखालची फळं

सोमवार
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची, म्हणून आजपासून रोजनिशी. देवाच्या दयेने घर सांभाळायचं काम मिळालं. स्वयंपाकघरालगत उजेडाची खोली, आणि छकुलीलाही जवळ ठेवायची मुभा. हे गेल्यापासून पोर आज पहिल्यांदा जिन्यावरून उड्या मारत उतरली. बाईसाहेब म्हाताऱ्या, एकट्या, बोलायला गोड. मी दुधाचं भांडं बोटाने निपटून घेतलं, तर हसल्या. म्हणाल्या, अशीच बाई शोधत होते.

बुधवार
जेवणघरात एक जुनं चित्र आहे. निळा वाडगा, त्यात सफरचंदं, काळी द्राक्षं, फुटलेलं डाळिंब. बाईसाहेबांच्या पणजीने काढलेलं. बड्या उमराव घरची बाई, पण नखांत कायम रंग असायचा म्हणे. चित्राखालच्या मेजावर तसाच निळा वाडगा आहे, त्यात हुबेहूब तशीच फळं मांडायची, हे माझं काम. सडली की बागेत पुरायची, नवी मांडायची. खातं कोण, असं विचारलं. कुणी नाही, पणजीची तशी इच्छा, म्हणाल्या.

शनिवार
धडधाकट फळं सडू द्यायची, हे काही मला पटेना. अन्न टाकणं म्हणजे देवाने दिलेलं त्याच्याच तोंडावर फेकणं. सफरचंद देवापुढे ठेवलं आणि मग छकुलीला कापून दिलं. पोरीने बोटं चाटली. बागेत नुसताच खड्डा खणून बुजवला. बाईसाहेब खिडकीतून बघत होत्या.

मंगळवार
छकुलीच्या कोपरावर तपकिरी डाग आलाय. दाबला तर बोट आत जातं, आणि खळगा तसाच राहतो. दुखत नाही म्हणते. डॉक्टरांनी अंगात रक्त नाही म्हणून सांगितलं, फळं द्या म्हणाले. विकत कशाला आणायची? मेजावरची द्राक्षं दिली.

गुरुवार
डाग मानेपर्यंत. अंगाला गोड, आंबूस वास येतो. न्हाऊ घातलं तरी जात नाही. चिलटं तिचा पिच्छा सोडत नाहीत.
चित्रातलं सफरचंद एवढं लाल नव्हतं. मीच रोज पुसते, मला ठाऊक आहे.

शुक्रवार
सकाळी सामान बांधलं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि छकुलीच्या मनगटाची कातडी माझ्या मुठीत आली. रक्त नाही, नुसतं पाणी. तशीच उचलून चित्रापाशी आणली, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.
बाईसाहेब स्वेटर विणत होत्या. थंडपणे सांगितलं. ती फळं पणजीसाठी असतात. जो खातो, तो फळांच्या जागी जातो. आजवरच्या सगळ्या बायकांनी इमानाने पुरली. काटकसरी, लेकुरवाळी बाई मिळायला फार वाट पाहावी लागली. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही. टाके मोजता मोजता म्हणाल्या,
"सांगितलं असतं, तर पोरीला भरवलं असतंत का?"

शनिवार
पाय धरले. शेवटी म्हणाल्या, वाडग्यातलं उरलेलं सगळं आईने खाल्लं, तर पोर उठून बसेल. देवाचं नाव घेऊन खाल्लं. डाळिंबाच्या सालीसकट. एक दाणा ठेवला नाही.

रविवार
उठली! अंग लख्ख, डाग नाही. देवापुढे रडले.
पण मला आई म्हणाली नाही. बाईसाहेबांकडे बघून म्हणाली, किती म्हातारी झालीस ग पोरी. आणि त्या एवढ्या मोठ्या बाई — लहान मुलीसारख्या लाजल्या.
रंग मागते आहे.

सोमवार
माझी कोपरं मऊ. उठवत नाही. बाईसाहेब म्हणतात, पोर उठेल एवढंच सांगितलं होतं, कोण म्हणून उठेल ते तुम्ही विचारलं कुठे.
माझी छकुली आत कुठे असेल तर — देवा, तिला हे दिसत नसू दे —

मंगळवार
मला मेजाशी बसवलंय. ती समोर, हातात कुंचला. हलू नको म्हणते. एकदाच आई म्हण, असं म्हटलं. बाईसाहेबांना विचारते, हे बोलतं कसं?
लिहिणारा हात तेवढा चालतो. तोही आता वाडग्यात ठेव म्हणते. नाही ठेवणार. ती उठली —
जवळ आली. अंगठ्यावर विळीने कापल्याचा व्रण. मीच फुंकर घातली होती त्यावर. हात छकुलीचाच आहे, ऊबसुद्धा तिचीच. हा हात मी झिडकारू कशी — माझी बोटं सोडवते आहे, एकेक, हळू, अगदी तिच्यासारखी ह