न झोपायचा पलंग

मेरिदा, मे महिन्यातला भाजका मंगळवार

तीर्थरूप कांदेलारिया मावशीस,

विल्बेर्तचा साष्टांग नमस्कार (गुडघे आखडलेत, तेव्हा त्यातली चार अंगं मनातल्या मनात). तुमचा खोकला आता कसा आहे? इकडे सगळं ठीक, म्हणजे लिहिया माहेराहून परत आली. हुश्श! नुसतं लिहितानाही छाती हलकी होते.

ती का गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्वयंपाकघराचं दार अर्धं रंगवलेलं, मोरी अर्धी फोडलेली. "आयुष्यात एक तरी काम शेवटाला न्या, मग मला बोलवा," म्हणाली आणि मोतुलच्या बसमध्ये बसली. मी रडतच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "बाळा, उठल्याबरोबर अंथरूण नीट कर. दिवसातलं एक काम तिथेच पुरं होतं, मग दुसरं सुचतं." मावशी, राजधानीच्या थंडीत राहून तुम्ही पलंगवाल्या झालात. इथे सगळा गाव अजून भिंतींना टांगलेल्या दोरीच्या झोळीत झोपतो. झोळीचं अंथरूण काय नीट करणार? म्हणून मी पलंगच आणला, चांगला दोघांचा. उतरवून घेताना शेजारचे एलिहिओ म्हणाले, "एकटा माणूस अन् एवढा पलंग? कोण येतंय बाबा?" मी म्हटलं, "सवय लावून घेतोय." ते फार वेळ हसत होते.

त्या गादीवर एक रात्र काढली आणि तव्यावरच्या भाकरीचं दुःख कळलं. मग झोपायचं झोळीत आणि उठून आवरायचा पलंग, असं ठरलं (यात फसवणूक नाही, चादर मी आधी मुद्दाम विस्कटत असे). पण पलंगाने खोली इतकी अडवली, की झोळी गुंडाळून खुंटीला लावल्याशिवाय पाय टाकता येईना. लिहिया लग्नापासून हेच सांगून दमली होती. झोळी हलली तसं पलीकडचं अर्धं दार डोळ्यांत खुपू लागलं. रोज थोडं थोडं रंगवलं. मोरीसुद्धा बांधून झाली!

आणि परवा लिहिया दारात उभी. माझ्या सुधारणेची कीर्ती मोतुलपर्यंत गेली, दुसरं काय!

तुमचाच,
विल्बेर्त

ता. क. खरी विनंती अशी, की पुढची सवय इतक्यात सुचवू नये. शिवाय पलंग तुमच्याकडे पाठवून देऊ का?

ता. क. (लिहियाकडून) मावशी, पलंग कुठेही जाणार नाही, आणि पुढची सवय जरूर सुचवा. मोतुलला कीर्ती नाही, एलिहिओची जीभ पोचली होती. मी आले ती त्या बाईच्या झिंज्या उपटायला. आत बाई नव्हतीच. ताठ चादर होती, आणि उशीवर मी विसरून गेलेला झगा घडी घालून ठेवलेला. यांच्या हातची पहिलीच घडी. तिरकी होती, पण पुरी घातली होती.