खाट पडवीत कोणी नेली

सापगाव,
६ नोव्हेंबर २०२४

चि. गणूस देवकीआक्काचा आशीर्वाद.

भाऊबीजेला पाट मांडून दिवस मावळेपर्यंत वाट बघितली. तू आला नायस. सख्खा भाऊ जिता असून चंद्राला ओवाळायची पाळी आणलीस माझ्यावर. तुझा पोरगा संदेश फोनवर बोलला, बाबांना बरं नाय. पुढं विचारणार तर इथं सून आणि नातवंडं कान लावून बसलेली. म्हणून लिहिते. दुसरीपर्यंतची शाळा, चुका पोटात घाल.

ऑगस्टात मुंबईला तुझी ती प्रोस्टेटची गाठ काढली. कॅन्सर सगळा निघाला असं डॉक्टर बोलला, पेढे पण आले आमच्याकडं. मग आता तोंड लपवून का बसलास? माझा राग आला असेल तर तसं लिही. पण साफ लिही, आडून नको.

तुझी आक्का

धसई, ता. मुरबाड,
१५ नोव्हेंबर

ती. आक्कास गणूचा दंडवत.

राग नाय गो. पाटाची भीती वाटली. लघवीची नळी काढली तेव्हापासून लघवी माझ्या ताब्यात नाय. उठलो, खोकलो की सुटते. लहान पोरांचं असतं तसलं डायपर बांधतो. तू ओवाळताना भाच्यांसमोर पाट ओला झाला असता तर? डॉक्टरनी सांगितलंय, लघवी मधेच अडवतो तसं आतून आवळायचं आणि सोडायचं. मी आवळतो. काय आवळतंय ते देवाला ठाऊक. पाणी तोडलंय, तरी थेंब येतातच, वर जळजळ.

रुपाने माझी खाट पडवीत, संडासाच्या बाजूला टाकली. तिला दोष देत नाय, वास कोण सोसेल? आणखी एक आहे, नवराबायकोतलं. ते पण बंद पडलंय. बहिणीला याच्यापुढं लिहवत नाय.

तुझा गणू

सापगाव,
२२ नोव्हेंबर

सौ. रुपास आशीर्वाद. देते, पण राग गिळून देते.

माझा भाऊ काय म्हातारा बैल आहे, बाहेर बांधायला? तुझ्या बाळंतपणात तुझी धुणी यानेच ओढ्यावर नेली, सगळा गाव हसला तरी. आता त्याचं धुणं आलं तर तू खाट पडवीत टाकलीस. उत्तर लिही. नाय तर मी एसटीने येते, मग चहावर भागायचं नाय.

देवकी

धसई,
१ डिसेंबर

ती. वन्सना रुपाचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दिवसभर हातात काम धरवेना. मी खाट टाकली? मी माहेरी गेले होते. परत आले तर खाट पडवीत आणि हे तिच्यावर, भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं यांनीच नेली. वासाचं म्हणाल तर मी गुरांत वाढले.

शेजारची भिमी बोलते, हा आजार अंगाला अंग लागून येतो, म्हणून डॉक्टरनी लांब ठेवलं असेल. खरं वाटत नाय, खोटंही वाटत नाय. एकदा जवळ बसून हात धरला तर यांनी काढून घेतला. डब्यात कसल्या गोळ्या आहेत, त्या खात नाहीत. विचारलं तर रक्तदाबाच्या म्हणतात. यांना रक्तदाब कधी होता? मी नकोशी झाले असेन तर तसं सांगावं. मी काय समजू, तुमीच सांगा.

तुमची रुपा

सापगाव,
९ डिसेंबर

गणू आणि रुपा, दोघांना मिळून एकच आशीर्वाद. रुपा, हे त्याच्या बाजूला बसून मोठ्याने वाच.

दोघांची पत्रं वाचून माझं डोकं फिरलं. खाट काय पायांनी चालत गेली? शेवटी संदेशला फोन केला. तो बोलला, मीच नेली. बाबा संडासाकडं धावताना उंबऱ्याला अडखळले, आई घरी नव्हती, नंतर सांगायचं राहिलं. बाबा काय बोलले नाहीत, म्हणून त्याला वाटलं बरं पडत असेल. आणि गणू, तुला वाटलं रुपानेच पोराला सांगून टाकवली. तुमच्या घरात जो तो मनातच ठरवून घेतो, विचारत कोणी नाय.

गणू, ऐक. चार पोरं झाल्यापासून मला शिंक आली की लुगडं ओलं होतं. तसंच भात लावलं, तसंच लग्नांत मिरवले. बाई ओली झाली तर कोणाला पत्ता नाय, आणि बाप्या ओला झाला तर सण बुडाला! पाणी पी. पाणी तोडलंस तर उन्हाळी लागून जळजळणारच.

रुपा, पुढच्या तपासणीला बाहेर बाकावर बसू नको, आत जा. तो बोलणार नाय, तू विचार. गोळ्यांचं पण विचार.

देवकी

धसई,
२० जानेवारी २०२५

ती. वन्सना नमस्कार.

आत गेले. डॉक्टरीणबाई होत्या, आपल्या पोरीच्या, रोशनीच्या वयाच्या. त्यांनी यांना झोपवून आवळायला लावलं, तर हे पोट आवळत होते आणि श्वास धरत होते. इतके महिने चुकीचंच! नीट शिकवलं. आता घरात कोरडे असतात, बाजारात जाताना तेवढं बांधतात.

दुसरं मी विचारलं. हे जमिनीकडं बघत होते. बाई बोलल्या, नसांना धक्का बसलाय. वर्ष लागेल, दोन लागतील, कधी पुरतं परत येतही नाय. गोळ्या त्याच्याच होत्या. आणि हा आजार अंगाला लागून येत नाय.

गोळी घेऊन बघितली. यांचं तोंड लालबुंद झालं, डोकं दुखलं, बाकी काय नाय. मला हसू आलं, मग यांनाही. हसताना जराशी सुटली, तरी हसत राहिले. खाट आत आणून माझ्या खाटेला लावलीय. यांचा हात अंगावर असतो. पण वन्स, हे बरं होणं आहे, की गेलं त्याची सवय होणं? मला उमगत नाय. तुमी मोठ्या, तुमाला कळत असेल.

तुमची रुपा

सापगाव,
२ फेब्रुवारी

सौ. रुपास आशीर्वाद. हे गणूला दाखवू नको.

मोठी म्हणून सगळं कळतं असं कोणी सांगितलं तुला? आमचे हे जायच्या आधी कित्येक वर्षं बाहेर ओट्यावर झोपायचे. आजार नाय, ऑपरेशन नाय, भांडण नाय. एक दिवस अंथरूण बाहेर गेलं. मला वाटलं उकडत असेल. मग थंडी पडली, तरी ते बाहेरच. का, ते मला आजवर ठाऊक नाय, आणि आता सांगायला माणूस नाय.

तेव्हा बरं होणं कशाला म्हणतात ते मला विचारू नको. त्याला विचार. तो आहे ना बाजूला.

लोभ ठेव, कमी पडला तर मागून घे.

तुझी वन्स
देवकी