आपल्यात कोणी बसत नाही

कवठे येमाई,
८ डिसेंबर

चि. सुलक्षणास हौसरावचे आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिला, मनापासून नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. सख्खी आत्या कोच आहे, म्हणून धनश्रीला दौंडच्या कॉलेजात घातली. आता डॉक्टर म्हणतात, गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल, पुढे बास्केटबॉल खेळेल की नाही ते सांगता येत नाही. शिरूरच्या मॅचला मी समोरच बसलो होतो. पडलेल्या पोरीला तू पुन्हा खेळवलीस. कप पाहिजे होता ना? घे, कपाटात मिरव.

पोरगी बरी झाली की घरी आणणार. तुझ्या वहिनीने लाडू दिले होते, ते मी पाठवले नाहीत.

नात्यापुरता भाऊ,
हौसराव

दौंड,
१२ डिसेंबर

ती. दादांस सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ती पडल्याबरोबर मी बदली खेळाडू मागितली होती. अपेक्षा आत यायला उभीच होती. तेवढ्यात गॅलरीतून कोण ओरडलं? शेजारच्या पोपटरावांना आणि अर्ध्या गावाला घेऊन आलेले तुम्हीच ना? धने, ऊठ, आपल्यात कोन बसत न्हाई, असं सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठली आणि अपेक्षाला हाताने मागे सारलं.

आबा मेंढरं राखायचे, तेव्हाचं आठवा. लंगडं कोकरू त्यांनी कधी चालवलं नाही, खांद्यावर घेतलं. त्यांच्या पोटी येऊन तुम्ही नुसतं ओरडायला शिकलात.

लाडू वहिनींचे आहेत, तुमचे नव्हेत. पाठवा.

राग आहे तोवर एवढंच,
सुलक्षणा

दौंड, हॉस्टेल,
१७ डिसेंबर

ती. आप्पांस व आत्यास धनश्रीचा नमस्कार.

एकच मजकूर दोघांना लिहिते आहे. आप्पांचं भांडणाचं पत्र आणि पोस्टात टाकण्याआधी स्वतःचं उत्तर, दोन्ही आत्याने मला तावातावाने वाचून दाखवली. आता माझं ऐका.

गुडघा त्या मॅचच्या बऱ्याच आधीपासून दुखत होता. मी बोलले नाही. आत्या, तुझा नियम असा, की दुखतंय म्हणेल तिने मैदानाला फेऱ्या मारायच्या. आप्पा, तुमचं ते बसत न्हाई. सगळे मला कणखर म्हणत होते आणि मी तुम्हा दोघांना भीत होते. अपेक्षाने घोटा दुखतो म्हणून सांगितलं, रडत फेऱ्या मारल्या, मग घरी जाऊन विश्रांती घेतली. आज ती माझ्या जागी खेळते आहे. मला तुमचा दोघांचाही फार राग आलाय.

सोमवारी ऑपरेशन आहे. हॉस्टेलचा जिना मला उतरवत नाही. आत्या, तू खाली गाडी घेऊन थांब. आप्पा, तुम्ही वर या. एकमेकांशी बोलला नाहीत तरी चालेल. पण या वेळी कितीही ओरडलात तरी मी उठणार नाही. आबा कोकराला घ्यायचे, तसं मला खाली न्या.

तुम्हा दोघांचीच,
धनश्री