केतकी (बाहेरची)

गुडगाव, मंगळवार, १४ मार्च २००६

ती. सौ. कुमुदमावशीस,

जयदीपचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; माझ्या टेबलाभोवतीच्या फळ्यांमध्ये धड आळस देता येत नाही, साष्टांग कुठून घालणार). तुझे गुडघे कसे आहेत? श्रीरंगकाका पुण्यात रमले का, की निवृत्त होऊनही सकाळी आठला ऑफिसच्या बससाठी चपला शोधतात? परवा माझी बस आर. के. पुरमवरून गेली. आपल्या जुन्या क्वार्टरच्या खिडकीत कुणाचा तरी नवा कूलर आहे, पण दाराशी तू लावलेला कढीपत्ता तसाच आहे. उतरलो, दोन पानं तोडली, वास घेत उभा राहिलो, त्यात पुढच्या दोन बस गेल्या. ते असो.

तू विचारलं होतंस की मी नक्की करतो काय. काचेच्या एका इमारतीत बसून कर्मचाऱ्यांना आणायच्या-सोडायच्या गाड्या ठरवतो. गाड्या आमच्या नाहीत, नोएडातल्या दुसऱ्या कंपनीच्या आहेत. पूर्वी त्यांना फोन करायचो, तर ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळे 'बस पाँच मिनट' म्हणायचे. आता कॉम्प्युटरवर एक चौकट आली आहे. तिच्यात टाइप करून एंटर दाबलं की समोरच्याला तत्क्षणी दिसतं, आणि मागच्या वर्षी दोन्ही कंपन्यांच्या चौकटी एकमेकींना जोडल्या. आपल्या कंपनीचा माणूस नसला की नावापुढे कंसात 'बाहेरचा' असं इंग्रजीत येतं. (दिल्लीत मलाही चार वर्षं तेच लेबल आहे, फक्त कंस नाही.)

तर नोएडाच्या टोकाला बसते केतकी (बाहेरची). नाव मराठी दिसलं म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं ठरवलं. आता तू मला दर रविवारी घरी पोस्टकार्ड लिहायला बसवायचीस आणि मायना चुकला की चहा उशिरा द्यायचीस, त्यामुळे मी मायन्याशिवाय सुरू करूच शकत नाही. 'आदरणीय केतकीताई, सा. न. वि. वि.' असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर जायला एंटर दाबलं. ते गेलंच. मग 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं लिहून पुन्हा एंटर. तेही गेलं. इतक्यात साहेबांनी हाक मारली, वाटेत कुणीतरी समोसे आणले होते, समोशावरून मला आपल्या मार्केटातल्या हलवायाची आठवण आली, ती मी सगळ्यांना सविस्तर सांगितली. अर्ध्या तासाने परत आलो. तोवर तिकडे केतकीने अठराच्या अठरा ड्रायव्हरांना फोन करून जिवंत आहात ना, असं विचारलं होतं. मला कळवायचं होतं की एका गाडीचा एसी बंद आहे. तिचं उत्तर आलं, 'एसी गेला तर एसी गेला असं लिहा. आणि ताई नको.'

तेव्हापासून रोज गाड्यांचं झालं की ती विचारते, 'आज काय?' म्हणजे आज कोणता नवा मराठी शब्द शिकवणार. ती दिल्लीतच वाढली. वडील केंद्र सरकारात, घर आर. के. पुरममध्येच. घरी मराठी आहे, पण सगळी 'अच्छा' आणि 'चलो' घातलेली. परवा मी 'फडताळ' दिलं. तिने विचारलं, त्यात काय ठेवतात? मी तुझं फडताळ सांगितलं: वरच्या कप्प्यात चिवडा, मध्ये काकांच्या पेन्शनच्या फायली, खाली माझी न उघडलेली पुस्तकं. तिने चिवड्यात काय काय घालायचीस ते विचारलं. सांगता सांगता त्या दिवशी दोन गाड्या फरिदाबादऐवजी गाझियाबादला गेल्या. साहेब म्हणाले, 'जयदीप, ये कौन सी भाषा में गाड़ी भेजते हो यार?'

पण मावशी, ३१ मार्चला त्या कंपनीचं कंत्राट संपतंय. १ एप्रिलला जोडणी तुटणार आणि माझ्या यादीतून केतकी (बाहेरची) पुसली जाणार. मी तिला एकदाही पाहिलेलं नाही. खासगी नंबर चौकटीत लिहिला तर दोन्हीकडच्या साहेबांना दिसतो. शेवटी काल विचारलं, रविवारी तुमच्या घरी येऊ का? ती म्हणाली, आईला विचारते.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना जप.

तुझा,
जयदीप

ता. क. १: या पत्राचं खरं कारण. तिच्या आईने केतकीमार्फत विचारलं, 'पण तो कुणाचा कोण?' मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणजे तुझ्या हळदीकुंकवाला यायच्या त्या सेक्टर आठच्या चंद्रप्रभाकाकू निघाल्या. शनिवारी तुला फोन करून माझी चौकशी करणार आहेत, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टने. (फोनच करणार होतो, पण फोनवर तू आधी 'जेवलास का' विचारतेस आणि मग मला खोटं बोलता येत नाही.)

ता. क. २: मी यूपीएससीत थोडक्यात हुकलो, असंच त्यांना सांग. वास्तविक ज्या परीक्षेसाठी तुझ्याकडे राहायला आलो, तिला मी बसलोच नव्हतो. तू हातावर दही घातलंस, मी निघालो, करोल बागेत बस बदलायला उतरलो. तिथे एक सरदारजी मारुतीचं इंजिन उघडून बसले होते. बघत राहिलो. भानावर आलो तेव्हा दुसरा पेपरही सुटला होता. तुला म्हणालो, पेपर अवघड होता. तू समजूत घालायला शिरा केलास. तो शिरा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

ता. क. ३: दुसरा ताजा कलम थेट कागदावर लिहायचा धीर होईना, म्हणून आधी कच्चा त्या चौकटीत टाइप केला आणि एक ओळ सोडायला एंटर दाबलं. केतकीचं उत्तर आलंय, जसंच्या तसं उतरवतो: 'आदरणीय जयदीपराव, सा. न. वि. वि. नापास झालेला मुलगा आईला नको होता. न बसलेला चालेल का, विचारून कळवते. मावशींना खोटं बोलायला लावू नका.' तेव्हा मावशी, शनिवारी फोन आला तर खरं तेच सांग. शिऱ्याचंही सांग.