शनिवारची दहा मिनिटं

दोंडाईचा, शनिवार, संध्याकाळ

आबांची गाडी चुकली, माझ्यामुळे. अजून सांगितलेलं नाही.

त्यांचं टेबलावरचं लंबकाचं घड्याळ रोज थोडं पुढे पळतं. रविवारी चावी देऊन काटे लावायचे. बुधवारी पाच मिनिटं वजा धरायची, शनिवारी दहा. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनीच, मला हे शिकवलं होतं. मग गेल्या रविवारी कुठून दुर्बुद्धी सुचली? लंबकाखालची चकती एक फेरा सैल केली. घड्याळ मोबाईलबरोबर चालायला लागलं. मी मनात खूश! सांगायचं राहिलं. राहिलं, की टाळलं?

आज ते बहिणीकडे जळगावला निघाले आणि सवयीने दहा मिनिटं वजा धरली. स्टेशनवरून पिशवी घेऊन परत आले, खुर्चीत बसले. "मन्हं डोकं काम करत नही आते," म्हणाले. मी चहा ठेवायला आत पळाले. तेव्हाच बोलायला हवं होतं. एकच तर फेरा.

चहा झाल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून चावी काढून माझ्यापुढे धरली. "उद्या रविवार शे. आते तूच चावी देत जाय."

आणि मी ती घेतली.