मॅटीवरची पावलं

२९ जुलै २००१, रविवार

आलो एकदाचे रायपूरला! विनायकच्या विमा कंपनीने नव्या राजधानीत ऑफिस थाटलं आणि अख्ख्या अकोल्यातून नेमकं आमच्याच नवऱ्याला उचललं. मी आठवडाभर फुरंगटून होते, पण घर पाहिलं आणि राग गेला. बूढापारा नावाच्या जुन्या वस्तीत वरचा मजला, नुकताच चुना मारलेला. बैठकीच्या खोलीत दार उघडतं आणि समोरच्या भिंतीला देवघराचा कोनाडा. गॅलरीतून तलावाचा एक तुकडा दिसतो. गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं असतं, पण राजधानीची माणसं आता मागे जात नाहीत म्हणे.

घरमालकीण मंदाकिनीकाकू लेकीकडे दुर्गला गेल्या आहेत. खाली त्यांची सून सरला असते. भोसल्यांच्या काळापासून हे लोक इथले, त्यामुळे तिचं मराठी अर्धं हिंदीत बुडालेलं. काही लागलं तं आवाज द्याजा दीदी, म्हणाली, आणि ईराच्या हातावर गुळाची पापडी ठेवली. आमची चार वर्षांची ईरा तेवढ्यावर तिची झाली.

यंदा महालक्ष्म्या माझ्याकडे बसणार आहेत! सासूबाईंचे गुडघे गेले, म्हणून मुखवटे माझ्या हाती आले. मी हाती घेतलेलं काम पुरं करत नाही अशी माझी दोन्ही घरांत ख्याती, तेव्हा सासूबाईंनी ते कसे दिले असतील त्यांचं त्यांनाच ठाऊक.

३१ जुलै

भिंतीतल्या कपाटात खजिना सापडला. मॅटीच्या जाळीदार कापडाची लांब पट्टी, लाल दोऱ्याच्या लड्या, आणि कापडातच गंजून बसलेली सुई. पट्टीच्या एका टोकाला दाराची चौकट, दुसऱ्या टोकाला समई, आणि मधे क्रॉस स्टिचने भरलेली पावलं. उंबऱ्यावरचं शेवटचं पाऊल तेवढं भरायचं राहिलंय. सरला म्हणाली, तुमच्या आधी इथे राहणाऱ्या वनमालाबाईंचं काम. त्या घाईघाईत घर सोडून गेल्या.

हे मी पुरं करणार आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी दारापासून अंथरणार! क्रॉस स्टिच आयुष्यात केलेलं नाही. माझ्या रुखवतात होतं ते सगळं आईने आणि मावशीने केलं होतं, कौतुक तेवढं मी घेतलं. सरलाने टाका शिकवला. खालचा तिरपा एकीकडे, वरचा त्याच्यावर उलटा, आणि वरचे सगळे टाके एकाच दिशेचे, नाहीतर काम खरबरीत दिसतं. माझी पहिली ओळ तापातून उठल्यासारखी दिसतेय.

२ ऑगस्ट

आज लक्षात आलं आणि हसूच फुटलं. वनमालाबाईंची पावलं समईकडून दाराकडे चालली आहेत! लक्ष्मीची पावलं कुणी घराबाहेर काढतं का? सरला म्हणाली, काहून उसवता दीदी, एक तं पाऊल राहिलं, जसं हाय तसं पुरं करून टाका. पण मी अशी पावलं दारात घातली तर सासूबाई अकोल्याहून चालत येतील. दुपारभर बसून सगळं उसवलं. दोरा निघाला तरी कापडावर पावलांच्या जागी ओलसर डाग राहिले आहेत. वाळतील.

४ ऑगस्ट

ग्राफशिवाय मला एक फुली जमत नाही. वनमालाबाईंचा ग्राफ सापडेना, म्हणून स्वतःचा केला. ईराचे पाय चौकटीच्या कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. घरची लक्ष्मी तीच, मग पावलंही तिचीच हवीत. तिची उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, ती खोडसुद्धा मी एक चौकट रिकामी सोडून ग्राफमध्ये आणली. पावलांची नुसती कड भरायची, आत कापड कोरं. विनायक म्हणाला, छान, म्हणजे दिवाळीपर्यंत एक पाय होईल.

९ ऑगस्ट

दारात एक जोडी झाली! आता आत समईकडे येणारी. सरलाने पट्टी आधी पालथी करून मागची बाजू पाहिली. बायकांची ही खोडच. मागे गाठींचं जंगल होतं, तरी बिचारी छान म्हणाली.

ईराला आज ओरडले. पाय न पुसता उंबऱ्यावर उभी राहिली होती, दोन ओली पावलं उमटलेली. ती म्हणे, मी नाही. कबूल कोण करणार?

१४ ऑगस्ट

दोन दिवस पाऊस नाही, ऊन कडक. दुपारी ईरा खाली सरलाकडे झोपली होती आणि दाराला आतून कडी होती. मी पट्टी आवरून उठले तर फरशीवर ओली पावलं. उंबऱ्यापासून खोलीच्या मध्यापर्यंत, आणि तिथे थांबलेली. परतीची नाहीत.

विनायकला दाखवायला ठेवली, तर तो येईपर्यंत वाळली. पोछा नीट पिळत जा, एवढंच म्हणाला.

ईराला विचारलं. ती रंगकांड्यांवरून मान वर न करता म्हणाली, ते तिचे पाय आहेत आई. ती बाहेर उभी होती, तूच बोलावलं ना तिला.

कोण ती, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला भीती वाटली.

१९ ऑगस्ट

आता सांगायलाच हवं. पट्टीवर मी जितकं भरते तितकीच पावलं फरशीवर पुढे येतात. मधे पट्टी ट्रंकेत टाकली होती, तेव्हा काही हललं नाही. काल एकच पाऊल भरलं. आज सकाळी एकच नवं, देवघराच्या बाजूने. मी त्यात पाय ठेवून पाहिला. थंडगार, तलावाच्या शेवाळाचा वास.

विनायकला सांगितलं. तो हसला नाही, पण म्हणाला, राधिका, काम अर्धवट टाकायला या वेळी फारच मोठं कारण काढलंस. मला रडू आलं. मग रात्री पडल्या पडल्या वाटलं, मी किती वेडी. महालक्ष्म्यांचा महिना, घरात पहिल्यांदा बसणार, आणि पावलं आत येत आहेत. साक्षात तीच येत असेल आणि मी तिला घाबरून कापड ट्रंकेत कोंबते आहे! सकाळी उठून पट्टीला हळदकुंकू वाहिलं. पुरं करणार.

२४ ऑगस्ट

झालं. आयुष्यात पहिल्यांदा हाती घेतलेलं काम पुरं झालं. शेवटची फुली समईच्या पायाशी घातली आणि दोरा दाताने तोडला. वरचे सगळे टाके एका दिशेचे, मागची बाजूही स्वच्छ. आनंद व्हायला हवा होता. विनायकने पेढे आणले.

मी दोरा तोडला तेव्हा ईरा देवघराकडे बघून कुणालातरी सरकून जागा देत होती.

२५ ऑगस्ट, शनिवार

दिवा जवळ ओढून लिहायला बसले आहे.

दुपारी आवाहन. पट्टी उंबऱ्यापासून अंथरली. मी मुखवटा घेऊन दारात, सरला आत. रीतीप्रमाणे सरलाने विचारलं, कोण आलं? मी म्हटलं, महालक्ष्मी आली. तिने विचारलं, कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी, असं मी म्हणायचं. तोंड उघडायच्या आत देवघराजवळून ईराचा आवाज आला, खुदकन हसून —

माझ्या पावलांनी.

सरलाला वाटलं पोरीने चावटपणा केला. ती हसली. पण देवघरापाशी कुणी नव्हतं. ईरा माझ्या मागे उभी होती, माझा पदर तोंडात धरून. ओठ मिटलेले.

मी मुखवटा कसा खाली ठेवला माहीत नाही. ही लक्ष्मी नाही. मी कुणाला घरात घेतलं?

२६ ऑगस्ट

काकू दुर्गहून प्रसादाला आल्या. पट्टी पाहिली आणि हातातली ओटी तशीच खाली सोडली. अवं पोरी, हे तं वनमालाची पट्टी व्हय, पावलं काहून फिरवली तुनं?

मग सांगितलं. तलावात कधी कुणाची पोर बुडून गेली, नाव आता कुणाला आठवत नाही. ती घर शोधते. वनमालाच्या घरात शिरली होती. वनमालाने ओल्या फरशीवरून तिच्याच पायाचं माप घेतलं आणि पावलं बाहेर जाणारी भरायला घेतली. एकेक भरत तिला दारापर्यंत नेलं. उंबऱ्यावरचं एक राहिलं होतं तेव्हा वनमालाचा धीर सुटला, नेसत्या लुगड्यानिशी निघून गेली. ती पोर तेव्हापासून उंबऱ्यावर अडकून उभी होती. ना आत, ना बाहेर.

एक पाऊल. सरला म्हणाली होती, जसं आहे तसं पुरं करून टाका. एका पावलाचं काम होतं, आणि मी शहाणी —

ग्राफ ईराच्या पायांचा हे सांगितलं, आणि म्हटलं, मी उद्याच ईराला घेऊन अकोल्याला जाते. काकूंनी मान हलवली. आता ते पोट्टीच्या पायानं आलं, पोट्टी जाईल तिथं ते येईल. जिनं आणलं तिनंच बाहेर काढा लागते. त्या उतरताना कठड्याला धरून उतरल्या, आणि संध्याकाळपासून तापाने पडून आहेत.

२७ ऑगस्ट

आज महालक्ष्म्यांना निरोप दिला. त्या गेल्या. ती नाही गेली.

ईरा जेवत नाही. थाळी देवघराकडे सरकवते. म्हणते तिला भूक आहे. पाय गार पडलेत, दिवसभर मोजे घालून ठेवले, संध्याकाळी काढले तर मोजे ओले.

विनायकने मोजे हातात घेतले आणि वास घेतला. रजेचा अर्ज घेऊन गेला.

सगळं उसवलं. पुन्हा बसले आहे. समईकडून दाराकडे.

२८ ऑगस्ट

भरते आहे. बोटांना भोकं. हात आता सराईत झालाय, ग्राफकडे बघायचं, मोजायचं, टाकायचं. फरशीवरची पावलं वळली आहेत! दाराकडे बोटं. देवा, चाललं आहे. ती चालली आहे.

ईराही आज देवघराजवळून उठली. खोलीच्या मध्यात येऊन बसली. बरं वाटतंय तिला.

२९ ऑगस्ट

अजून थोडं. डोळ्यांपुढे फुल्याच फुल्या. ईरा तिचा लाल परकर घालून दाराशी खेळते आहे. हाक मारली तर येत नाही, पण चेहरा शांत आहे. विनायक खालच्या काकूंना डॉक्टरकडे घेऊन गेलाय. उंबऱ्यावरचं एकच राहिलं. वनमालासारखं सोडणार नाही. मी पुरं करणार —

२९ ऑगस्ट, दुपारी

झालं. गाठ मारली. गेली. घर एकदम हलकं झालं. दाराची कडी आपोआप वाजली, गेली ती, गेली —

पट्टी सरळ करून पाहिली. छान आलंय. शेवटच्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर —

एक चौकट रिकामी.

माझा ग्राफ. मी माझ्याच ग्राफवरून — त्या पोरीच्या पायाचं माप घ्यायला हवं होतं, काकूंनी सांगितलं होतं, मीच इथे लिहून ठेवलंय — ही ईराची पावलं आहेत. मी ईराला —

दार उघडं आहे. दाराशी ईरा नाही.

ईराऽ म्हणून ओरडले. ओ आली. ओ देवघराजवळून आली. आई मी इथं आहे ना, म्हणते. ईराचाच आवाज. फरशीवर पाणी आहे, देवघराकडून माझ्याकडे —

गॅलरीतून गल्ली दिसते. तलावाच्या बाजूला एक लाल परकर चाललाय. अनवाणी. मागे बघत नाही. ईरा, थांब, आले मी, उसवते, आत्ता उसव — माझा पदर मागून कुणी धर